वाचकांचे प्रश्न : फुफ्फुसाचा कर्करोग आणि पोटाच्या तक्रारी

फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयी या सदराकडे जी पत्रे येतात, त्यांतील बरीचशी खोकला किंवा धाप यांच्याविषयी नसून पोटाविषयी असतात, आणि पोटाच्या तक्रारींबद्दल घरोघरी गैरसमज फार आहेत. म्हणून या वेळी याच एका विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६३) फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारचा कर्करोग आहे. ईजीएफआर हा जनुकीय बदल सापडल्यामुळे त्यांना वर्षभर गोळी चालू होती आणि तब्येत उत्तम होती. आता स्कॅनमध्ये यकृतात तीन गाठी दिसल्या आहेत. नातेवाईक म्हणतात की हा आता लिव्हरचा कॅन्सर झाला, फुफ्फुसाची गोळी बंद करून लिव्हरच्या डॉक्टरांकडे न्या. आमचे डॉक्टर यकृतातून पुन्हा बायोप्सी घ्यायला सांगत आहेत. पण सुई लावली की आजार पसरतो, असे आम्ही ऐकले आहे. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी बंद करू नका, हे सर्वांत आधी सांगते. आपल्या वडिलांच्या यकृतात वाढत असलेल्या गाठी बहुधा फुफ्फुसातूनच तेथे पोहोचलेल्या पेशींच्या असाव्यात. यकृतात मुळात होणारा कर्करोग यकृताच्या स्वतःच्या पेशींपासून सुरू होतो. बी किंवा सी प्रकारची जुनी कावीळ, दीर्घकाळचे मद्यपान किंवा यकृतात साठलेली चरबी यांमुळे यकृत निबर झालेल्या माणसांत तो अधिक आढळतो, आणि त्याची औषधेही निराळी असतात. फुफ्फुसाच्या पेशी यकृतात जाऊन वाढल्या तरी त्या फुफ्फुसाच्याच राहतात, त्यांचा स्वभाव तोच राहतो, म्हणून उपचारही फुफ्फुसाच्या कर्करोगाचेच करावे लागतात. नातेवाइकांचा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो मानल्यास महत्त्वाचे काही आठवडे चुकीच्या दाराशी जातील.

हा आजार यकृतात का जातो, हे समजून घेण्यासारखे आहे. शरीरातील सगळे अशुद्ध रक्त फुफ्फुसातून जाते आणि तेथून डाव्या हृदयात येऊन थेट महाधमनीत पडते. त्यामुळे फुफ्फुसाच्या गाठीतून सुटलेल्या पेशीला वाटेत दुसरी गाळणी लागत नाही. ती एका ठोक्यासरशी मेंदू, हाडे, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी किंवा यकृत यांपैकी कोठेही पोहोचू शकते. यकृताला हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा मिळतो आणि तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रे असतात, म्हणून पेशींना आत शिरणे सोपे जाते. पण रक्तप्रवाहाने सगळे उलगडत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यविशारदाने १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून असे मांडले की, बी सगळीकडे पडते, पण अनुकूल माती मिळेल तेथेच उगवते. ही मांडणी आजही टिकून आहे. आतड्यालाही भरपूर रक्त मिळते, तरी तेथे फुफ्फुसाचा कर्करोग यकृताच्या मानाने फारच क्वचित रुजतो, याचा अर्थ तिच्या आधारे लागतो.

आता बायोप्सी. सुईने आजार शरीरभर पसरतो ही समजूत निराधार आहे. सुईच्या मार्गात पेशी राहण्याचा धोका अगदी थोडा असतो, रक्तस्रावाचाही थोडा असतो आणि त्यासाठी आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या करतात. या छोट्या धोक्याच्या बदल्यात मिळणारी माहिती आपल्या वडिलांच्या बाबतीत फार मोलाची आहे. यकृतातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. रक्तवाहिन्यांचे निरुपद्रवी गुंते आणि पाण्याच्या गाठीही स्कॅनवर दिसतात. दुसरे असे की, ईजीएफआरच्या गोळीखाली दबलेला आजार पुन्हा डोके वर काढतो तेव्हा त्याने अनेकदा नवा जनुकीय बदल घेतलेला असतो, आणि थोड्या रुग्णांत तर अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे रूपांतर लघुपेशी कर्करोग या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात झालेले आढळते. या दोन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत आणि हा फरक नुसत्या स्कॅनवरून ओळखता येत नाही. रक्तातून होणारी जनुकीय तपासणी, जिला लिक्विड बायोप्सी म्हणतात, तीही करता येते. मात्र पेशींचे रूपांतर झाले आहे का, हे पाहण्यासाठी गाठीचा तुकडाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो.

यकृतात प्रसार झालेल्या रुग्णांमध्ये इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध उभे करणाऱ्या औषधांचा, परिणाम सरासरीने कमी दिसतो, हे खरे आहे. परंतु जनुकीय बदलावर नेमके काम करणारी औषधे यकृतातल्या गाठींवरही चांगली चालतात. भारतातील अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात ईजीएफआरचा बदल सापडतो, त्यामुळे आपल्याकडे या प्रश्नावर कामही झाले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ३५० रुग्णांच्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या उपचारात गेफिटिनिब या ईजीएफआरवरच्या गोळीला केमोथेरपीची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ सरासरी ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. तेव्हा बायोप्सीचा अहवाल आल्यावर फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या तज्ज्ञांशी केमोथेरपीविषयीही मोकळेपणाने बोलावे.

प्रश्न : माझे पती फुफ्फुसाच्या कर्करोगावर उपचार घेत असताना त्यांना काळी शौच होऊ लागली आणि हिमोग्लोबिन ६ वर आले. जठराची आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हा काही सापडले नाही. पुढे एका रात्री पोटात असह्य दुखू लागले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. लहान आतड्यात गाठ होती आणि तेथे भोक पडले होते. ती फुफ्फुसातूनच आली होती, असे अहवालात लिहिले आहे. दोन्ही दुर्बिणी स्वच्छ असताना हे कसे झाले? हे आधी कळले नसते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ज्यातून गेलात ते वाचून फार वाईट वाटले. आपल्या दुसऱ्या प्रश्नामागे जी टोचणी आहे, तिच्याविषयी आधी बोलते : ही गाठ वेळेवर सापडणे अनुभवी तज्ज्ञांनाही अवघड असते आणि घरच्या माणसांनी यात स्वतःला बोल लावण्याचे कारण नाही.

तोंडातून घालतात ती दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत जाते. गुदद्वारातून घालतात ती मोठे आतडे आणि फार तर लहान आतड्याचा शेवटचा थोडा भाग दाखवते. मधली काही मीटर लांबीची वेटोळी दोन्हींच्या टप्प्याबाहेर राहतात, आणि फुफ्फुसाचा कर्करोग पचनमार्गात गेलाच तर तो बहुतेक वेळा याच मधल्या भागात रुजतो. शिवाय या पेशी रक्तातून येत असल्यामुळे आतड्याच्या आतल्या अस्तरावर नव्हे, तर भिंतीच्या जाडीत आधी वाढतात. अस्तर बराच काळ धड दिसते. पुढे गाठ मोठी होऊन तिचा मधला भाग रक्तपुरवठ्याअभावी मरतो, तेव्हा व्रण पडून रक्त झिरपू लागते आणि कधी कधी भिंत आरपार फाटते. गिळायच्या कॅप्सूलमधील कॅमेरा किंवा आतड्यासाठी खास केलेला सीटी स्कॅन यांनी हा भाग पाहता येतो. मात्र आतडे अरुंद झाले असल्याची शंका असेल तर कॅप्सूल अडकू शकते, म्हणून ती सरसकट देत नाहीत.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत पचनमार्गातील प्रसारामुळे प्रत्यक्ष त्रास होऊन निदान होण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आहे. मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनांत मात्र तो १० ते १४ टक्के रुग्णांत आढळलेला आहे. या दोन आकड्यांमधली तफावत हेच सांगते की, कित्येकांच्या आतड्यात आजार असतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. अशक्तपणा, पोटदुखी, भूक मंदावणे या गोष्टी केमोथेरपीच्या खात्यावर टाकल्या जातात. त्यातच मेंदूच्या सुजेसाठी किंवा धापेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर आतड्याला भोक पडूनही पोट कडक होणे, ताप येणे या खुणा दबून राहतात. स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात एकाएकी दुखू लागले तर ते कमी-जास्त कितीही असो, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

इतर वाचकांसाठी काळ्या शौचाविषयी थोडे लिहिते. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण तो मल घट्ट असतो. रक्तामुळे झालेली शौच डांबरासारखी चिकट, चकचकीत आणि विशिष्ट उग्र वासाची असते. अशी शौच, तिच्या जोडीला चक्कर किंवा छातीत धडधड, ही लक्षणे त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावीत. कारण प्रत्येक वेळी कर्करोगच असेल असे नाही. हाडांच्या दुखण्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात पडलेला व्रण हे त्याहून कितीतरी अधिक आढळणारे कारण आहे आणि ते पूर्णपणे बरे होते.

आपण अहवालाची प्रतही पाठवली आहे. त्यात ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, सीके-७ पॉझिटिव्ह, सीके-२० निगेटिव्ह, सीडीएक्स-२ निगेटिव्ह’ असे जे लिहिले आहे, ते पेशींचे मूळ गाव ओळखण्यासाठी केलेल्या रंगचाचण्यांचे निष्कर्ष आहेत. पहिल्या दोन खुणा फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात सहसा आढळतात, शेवटच्या दोन आतड्याच्या कर्करोगात. म्हणून पॅथॉलॉजिस्टने हा आतड्यात नव्याने झालेला कर्करोग नव्हे असे ठरवले. फुफ्फुसाच्या काही श्लेष्मल गाठी या नियमाला अपवाद ठरतात, त्यामुळे जुन्या आणि नव्या बायोप्सीच्या काचा शेजारी ठेवून पाहणे उत्तम. असे अहवाल समजावून न सांगता नुसते हातात ठेवले जातात, हे मला नेहमी खटकते. जखम भरल्यावर फुफ्फुसाच्या आजाराचा उपचार पुन्हा सुरू करता येतो. किती लवकर, हे शल्यविशारद आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते, आणि बेव्हासिझुमॅबसारखे औषध, ज्याने आतड्याला भोक पडण्याचा धोका वाढतो, ते यापुढे टाळावे लागेल.

प्रश्न : आईला (वय ५८) फुफ्फुसाचा कर्करोग आहे, तिने कधी तंबाखूला हातही लावला नाही. गेले दहा दिवस तिला मळमळ आहे, उलट्या होतात, शौचाला साफ होत नाही, सारखी तहान लागते आणि ती थोडी गोंधळल्यासारखी वागते. रक्तात सीईए हे कर्करोगाची खूण म्हणून मोजले जाणारे प्रथिन वाढलेले आहे. आजार आतड्यात पसरला असेल का? पेट स्कॅन करावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पेट स्कॅनच्या आधी, शक्य तर आजच, रक्तातील कॅल्शियम, सोडियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. बद्धकोष्ठ, तहान, मळमळ आणि गोंधळ ही चारही लक्षणे एकत्र आली की रक्तातले कॅल्शियम वाढल्याची शंका घ्यावी लागते. फुफ्फुसाच्या कर्करोगात ते हाडांतील प्रसारामुळे किंवा गाठीतून स्रवणाऱ्या द्रव्यामुळे वाढते. सलाइन आणि हाडांसाठीचे इंजेक्शन यांनी ते बहुधा काही दिवसांत खाली येते, दुर्लक्ष झाले तर जिवावर बेतते. सोडियम घसरल्यानेही मळमळ आणि गोंधळ होतो; लघुपेशी प्रकारात हे विशेष पाहायला मिळते. तपासण्या ठीक आल्या तर मेंदूचा एमआरआय करावा, कारण मेंदूतील गाठीमुळे कवटीतील दाब वाढला की पहाटे उलट्या होतात, डोके दुखते आणि घरचे सगळे पोटावर औषधे देत बसतात.

सीईए वाढलेले पाहून घाबरू नका. आतड्याच्या कर्करोगात ते मोजतात हे खरे, पण फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमातही ते वाढते, आणि एकट्या त्या आकड्यावरून आजार कोठे आहे हे कळत नाही. पेट स्कॅन करायचे ठरलेच आणि आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधाने आतडे स्कॅनसाठी टोचलेला साखरेचा द्रव अधिक शोषते आणि स्कॅनवर सगळे आतडे उजळून निघते. त्यात खरी गाठ लपू शकते किंवा नसलेली गाठ असल्यासारखी वाटते. त्यामुळे ते औषध काही काळ थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतील.

औषधांमुळे होणारे त्रासही लक्षात ठेवावेत. ईजीएफआरच्या गोळ्यांनी जुलाब होतात आणि ते साध्या औषधांनी सहसा आवरतात. इम्युनोथेरपी घेतलेल्या रुग्णाचे जुलाब मात्र वेगळे; तेथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटलेली असू शकते आणि त्यासाठी वेळेवर स्टेरॉइड द्यावे लागते. हा त्रास उपचार थांबल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवतो, म्हणून दुकानातून जुलाब थांबवण्याची गोळी आणून देण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना फोन करावा. आणखी एक, ज्याकडे फार कमी लक्ष दिले जाते : पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी जठरातले आम्ल कमी होते आणि गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब नीट शोषले जात नाही. कर्करोगाच्या गोळीसोबत पित्ताची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांच्या नजरेस आणावे.

प्रश्न : वडिलांना घास छातीत अडकल्यासारखा वाटतो आणि पाणी प्यायले की जोराचा ठसका लागतो. हा अन्ननलिकेतला प्रसार आहे का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : छातीच्या मध्यभागी श्वासनलिका आणि अन्ननलिका एकमेकींना चिकटून असतात. तेथील लसिका ग्रंथींत आजार वाढला की अन्ननलिका बाहेरून दाबली जाते आणि आधी भाकरी, मग भात, शेवटी पातळ पदार्थही अडकू लागतात. छातीला रेडिएशन दिले असेल तर त्याच्या जळजळीनेही काही आठवडे गिळताना दुखते. ते आपोआप कमी होते. पाण्याने ठसका लागणे मात्र अधिक गंभीर आहे. स्वरयंत्राची नस दुबळी झाल्याने तसे होते, अशा वेळी आवाजही बसलेला असतो. किंवा अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात छिद्र पडलेले असते. दोन्हींत पाणी फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी, चहा, पेज काहीही देऊ नका आणि त्यांना लगेच रुग्णालयात न्या. छिद्र असेल तर आतून जाळीची नळी बसवून ते झाकता येते आणि बहुतेकांना पुन्हा थोडेफार खाता येते.

प्रश्न : यकृतात आजार गेल्यापासून नवऱ्याने खाणे सोडल्यात जमा आहे. साखर आणि दूध बंद केले की गाठींची उपासमार होते, असे सांगून सासरच्यांनी दोन्ही बंद केले. वजन १४ किलोंनी घटले आहे. काय खायला द्यावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जे रुचेल आणि पचेल ते द्यावे, दूध आणि गोडही द्यावे. रक्तातली साखर शरीर स्वतः तयार करते. ताटातली साखर काढल्याने गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. यकृत गाठींनी मोठे झाले की जठरावर दाब येऊन चार घासांत पोट भरते, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे : शिरा, तुपाची खिचडी, अंडे, दही, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीचे सत्त्व. मधुमेह असेल तर गोडाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. पोटात पाणी झाल्याने भूक मेली असेल तर ते सुईने काढल्यावर पुष्कळ आराम पडतो.

भुकेसाठी औषधही आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत फुफ्फुस, जठर आणि यकृत-स्वादुपिंड यांच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, केमोथेरपीसोबत ओलान्झापिनची २.५ मिलिग्रॅमची छोटी मात्रा रोज दिल्यावर ६० टक्के रुग्णांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. गोळी स्वस्त आहे. मूळची ती मानसिक आजारांसाठीची असल्यामुळे चिठ्ठीवर नाव पाहून घरचे बिचकतात, तसे बिचकू नये. झोप थोडी वाढते, म्हणून ती रात्री देतात. आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी जरूर विचारा.

प्रश्न : डॉक्टरांनी वडिलांना पॅलिएटिव्ह विभागात पाठवले आहे आणि मॉर्फिन लिहून दिले आहे. म्हणजे त्यांनी आशा सोडली का? मॉर्फिनने माणूस लवकर जातो, असे म्हणतात. वडिलांना आजार यकृतात आणि पोटात पसरल्याचे आम्ही सांगितलेले नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आशा सोडली असा याचा अर्थ नाही. पॅलिएटिव्ह सेवा म्हणजे दुखणे आणि इतर त्रास कमी करून रुग्णाला आराम देणारी सेवा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत ज्यांना पॅलिएटिव्ह सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले, त्यांच्यात उदासी कमी होती, आणि ते सरासरी ११.६ महिने जगले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेले ८.९ महिने. केमोथेरपी चालू असतानाच ही सेवा घ्यायची असते, ती बंद झाल्यावर नव्हे, आणि आपल्याकडे रुग्ण तिच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात, याची मला खंत आहे.

वडिलांना किती सांगावे, याचे उत्तर त्यांनाच विचारावे. ‘तुम्हाला आजाराबद्दल सगळे ऐकायचे आहे का, की आम्हीच डॉक्टरांशी बोलू?’ एवढा एक प्रश्न शांतपणे विचारला तरी बहुतेक माणसे आपल्याला काय हवे ते सांगतात. पोट फुगते आहे, डोळे पिवळे होत आहेत, हे त्यांना दिसतेच. त्यावर कोणी बोलत नाही, याचा भार त्यांच्यावर अधिक पडतो. जमिनीचे, बँकेचे किंवा मनातले काही राहिले असेल तर त्यासाठीही त्यांना वेळ हवा.

वेदनेच्या मानाने हळूहळू वाढवत नेलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही, आणि दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या रुग्णांत व्यसन लागणे विरळा. यकृत किंवा मूत्रपिंड फार बिघडले असेल तर मात्रा कमी ठेवतात किंवा औषध बदलतात, म्हणून नव्या रक्ततपासण्या त्यांना दाखवा. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी राहते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनची पहिली गोळी दिली त्याच दिवसापासून शौचाचे औषधही रोज द्यावे. पोट फुगून गच्च झाले, वारा सरणे थांबले आणि उलटीत हिरवे किंवा मळकट पाणी पडू लागले, तर आतडे अडले असण्याची शक्यता असते; तेव्हा शौचाचे औषध थांबवून त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्यावे.